रकूनचा पिंजरा: झडप पडते, खाऊ जातो, आत मात्र कोणी नाही

माझ्या गराजमध्ये रकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, रात्री हिंडणारा इथला रानटी प्राणी) धरायचे दोन पिंजरे आहेत. पूर्वी वाड्यात एकीचं पुरणयंत्र सगळ्या बिऱ्हाडांतून फिरायचं, तसे हे कॅनडात टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या ओळखीच्या घरांतून फिरतात. पिंजरा नेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी फोन ठरलेला: "अहो, झडप पडलीये, खाऊ सगळा फस्त, आणि आत कुण्णी नाही!" गेली बारा-तेरा वर्षं हे ऐकतोय. आता फोनवर दोन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा दोष कळतो. तेच इथे लिहून ठेवतो, म्हणजे साडेसहाचा फोन तरी वाचेल.

आधी लक्षणं बघा

पिंजऱ्यापाशी गेल्यावर काहीही हलवू नका. आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. मंडळी पहिल्यांदा पिंजरा सरळ करतात, पाला झटकतात आणि मग मला फोन करतात. तोवर पुरावा गेलेला असतो.

– झडप उघडीच, खाऊ गायब. कोणीतरी आतल्या पत्र्यावर पाय न ठेवता खाऊ काढला, किंवा पत्रा दबूनही झडप सुटली नाही.

– झडप पडलेली, खाऊ गायब, पिंजरा जागच्या जागी. बाहेरून हात घालून ओढाताण झाली आणि हिसक्याने झडप पडली. नाहीतर प्राणी आत होता आणि निसटला. झडपेच्या खालच्या कडेला करडे केस अडकलेत का, ते बघा.

– पिंजरा आडवा किंवा उलटा, हातभर दूर सरकलेला. पिंजरा जमिनीला बांधलेला नव्हता.

– झडप पडलेली, खाऊ जसाच्या तसा. वारा, खार, नाहीतर फारच हलका ट्रिगर.

– झडप उघडी, खाऊही तसाच, तीन रात्री झाल्या तरी. जागा चुकली, किंवा प्राण्याला पिंजऱ्याचा संशय आला.

– आत भलतंच कोणी. शेजाऱ्यांचं मांजर, ओपॉसम (पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा, मांजराएवढा प्राणी) किंवा (देव न करो) स्कंक, म्हणजे घाण वासाची पिचकारी मारणारा.

आपली सवय उंदराच्या पिंजऱ्याची

आपल्याकडच्या उंदराच्या पिंजऱ्यात आत एक आकडा लोंबतो. त्याला खोबऱ्याचा तुकडा नाहीतर भजं अडकवायचं. उंदीर तोंडाने ओढतो, आकडा सुटतो आणि झडप खाडकन पडते. तिथे खाणं हाच खटका असतो. रकूनच्या पिंजऱ्यात तसं नाही. खाऊ सगळ्यात मागे असतो आणि त्याच्या अलीकडे एक हलता पत्रा असतो. पत्र्यावर वजन पडलं की दांडी सरकते, आकडा सुटतो आणि झडप पडते. म्हणजे खटका पायाखाली आहे आणि खाऊचा त्याच्याशी संबंध नाही. पायाचं वजन पत्र्यावर न टाकता खाऊ मिळाला, तर पिंजरा नुसता अन्नछत्र चालवतो.

आणि रकून म्हणजे हातांचा प्राणी. त्याचं इंग्रजी नावच मुळी व्हर्जिनियातल्या पावहाटन लोकांच्या भाषेतून आलंय, आणि त्याचा अर्थ हातांनी खरवडणारा असा लावतात. त्याच्या पुढच्या पंजांना पाच लांब बोटं असतात आणि अंधारात ती डोळ्यांसारखी काम करतात. आपण पिशवीत न बघता किल्ली चाचपतो, तसा तो जाळीतून आत हात घालून चाचपतो. खालच्या प्रत्येक तपासणीत हे हात डोक्यात ठेवा.

तपासणी १: पिंजरा हवाच आहे का?

याला एक पैसाही लागत नाही, म्हणून पहिला नंबर.

आमच्या ऑन्टारियो प्रांतात आपल्या घराचं नुकसान करणारा रकून घरमालकाला जिवंत पिंजऱ्यात धरता येतो. पण तो २४ तासांच्या आत सोडावा लागतो, आणि तोही धरल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आत. "गाडीत घालून लांब जंगलात सोडून येतो" हे इथे बेकायदा आहे. त्यामागे कारण आहे. प्राण्याबरोबर रोगही नव्या भागात जातात. शिवाय अनोळखी जागेत त्याला ना बीळ माहीत असतं, ना पाणी. अमेरिकेतल्या मंडळींनी आपापल्या राज्याचा नियम बघावा. काही ठिकाणी परवाना नसेल तर प्राणी हलवताच येत नाही.

१ किलोमीटर म्हणजे रकूनला रोजची रपेट. दुसऱ्या रात्री तो परत हजर. म्हणून "अंगणात रकून येतो" एवढ्याच कारणासाठी मी हल्ली पिंजरा देत नाही. अंगणात यायचं कारण शोधा. झाकण न लागलेली हिरवी कचरापेटी, मागच्या पायरीवर मांजरासाठी ठेवलेली ताटली, पक्ष्यांच्या दाण्यांचा सडा, नाहीतर शरद ऋतूत हिरवळीखालच्या अळ्या. (सकाळी लॉन सतरंजीसारखं गुंडाळलेलं दिसलं तर अळ्याच.) टोरांटो शहराने २०१६ पासून फिरत्या कडीच्या नव्या हिरव्या पेट्या वाटल्या त्या याच पाहुण्यांसाठी. ती कडी नीट फिरवलेली असेल तर निम्मं काम तिथेच होतं. आमच्या एका वहिनींनी फणसाचे चारखंड असलेली पिशवी पेटीबाहेर ठेवली होती. त्या रात्रीचं वर्णन त्यांच्याकडूनच ऐकावं.

पिंजरा कामाचा ठरतो तो वेगळ्या वेळी. रकून शेडमध्ये किंवा गराजमध्ये शिरलाय, हुसकूनही बाहेर जात नाही, आणि तुम्हाला भोक बुजवायचंय. धरायचा, भोक बुजवायचं, तिथेच सोडायचा. हा क्रम पक्का असेल तरच पुढे वाचा.

आणि महिना कोणता आहे? इथे एप्रिल-मे हे पिल्लं होण्याचे दिवस. मार्चपासून ऑगस्टपर्यंत धरलेली मादी बहुधा आई असते आणि पिल्लं तुमच्याच छपरात असतात. आई पिंजऱ्यात आणि पिल्लं वर उपाशी, असा प्रकार होतो. या दिवसांत माझे पिंजरे गराजमधून हलत नाहीत, कितीही जवळचा माणूस मागायला आला तरी.

तपासणी २: चोर कोण? मैद्याची चाचणी

चाळणीत दोन मुठी मैदा घ्या आणि पिंजऱ्याच्या तोंडासमोर व मागे, दोन्हीकडे वीतभर रुंद पातळ थर चाळा. रांगोळी घालायच्या आधी गेरू सारवतो तसा सारखा. दाट नको, जेमतेम जमीन झाकेल इतकाच. पावसाची रात्र टाळा.

सकाळी ठसे बघा. रकूनचा पुढचा पंजा तान्ह्या बाळाच्या हातासारखा उमटतो, पाच लांब बोटं सुटी-सुटी. एकदा पाहिला की विसरत नाही. मांजराचा ठसा गोल, चार बोटांचा, नखं नसलेला. स्कंकचा लहान, पण पुढच्या नखांच्या रेघा बोटांपासून बऱ्याच पुढे उमटतात. ओपॉसमच्या मागच्या पावलाचा अंगठा बाजूला फाकलेला असतो.

हे एवढं महत्त्वाचं का? एक तर चोर उंदीर असेल तर तुम्ही आठवडाभर झडपेशी झटापट करत बसाल. दुसरं म्हणजे ठसे कुठल्या बाजूला आहेत यावरून दोष कळतो. सगळे ठसे मागच्या बाजूला आणि पुढे एकही नाही, तर बाहेरून हात घातलाय. सरळ तपासणी ५ कडे जा.

तपासणी ३: काय ठेवलंय आणि कुठे

मासे, चिकन, मांजराचं डबाबंद खाणं चालतं म्हणून सांगतात. चालतंच, पण त्या वासाने गल्लीतली मांजरं आणि स्कंकही येतात. मी साधे पांढरे मार्शमेलो वापरतो. मांजराला गोड चवच कळत नाही, त्यामुळे मांजरं फिरकत नाहीत, आणि अंधारात पांढरा रंग चटकन दिसतो. जोडीला चमचाभर शेंगदाण्याचं बटर. एकदा मार्शमेलो संपले होते म्हणून बेसनाचा लाडू ठेवला. रकून आला, पण त्याआधी मुंग्यांनी लाडवाचा निकाल लावला होता.

जागा मात्र जास्त महत्त्वाची. खाऊ अगदी मागच्या जाळीला टेकवला तर बाहेरून मिळतो. पत्र्यावर किंवा अलीकडे ठेवला तर प्राणी अर्धा बाहेर राहून खातो. पत्र्याच्या पलीकडे चार बोटं अंतर सोडा, आणि खाऊ मागच्या जाळीपासूनही लांब, मधोमध ठेवा. ट्यूनाच्या रिकाम्या डबीला तळाशी दोन भोकं पाडायची, तारेने ती पिंजऱ्याच्या तळाला बांधायची आणि खाऊ तिच्यात घालायचा. डबी ओढून आणता येत नाही, म्हणून त्याला पुढे वाकावं लागतं आणि पुढचे दोन्ही पाय पत्र्यावर येतात. आपल्याला तेवढंच हवं असतं.

तोंडापासून आत दोन-तीन बारके तुकडे टाकायला हरकत नाही. बारके म्हणजे नखाएवढे. एका काकांनी तोंडापाशी अख्खी पिशवी ओतली होती. पाहुणा दारातच जेवून गेला.

तपासणी ४: जमीन आणि बांधणी

पिंजऱ्याच्या चारही कोपऱ्यांवर हाताने दाब द्या. कुठे डुगडुगतो? मग दोन गोष्टी बिघडतात. आत टाकलेला पहिला पाय डगमगला की रकून मागे होतो आणि दोन-चार रात्री फिरकत नाही. दुसरं, पिंजरा किंचित पिळलेला असेल तर झडप खोबणीत तिरकी उतरते आणि तिची कडी बसत नाही. खाली प्लायवुडचा तुकडा टाका, हा दोष तिथेच संपतो. तळाच्या तारांवर थोडी माती नाहीतर सुका पाला पसरा, पायांना तार टोचत नाही. पत्र्याखाली आणि झडपेच्या खोबणीत मात्र पाल्याचं एक पानही नको.

मग बांधणी. मोठा नर आठ-दहा किलोचा, हिवाळ्याआधी चरबी साठवलेला त्याहून जड. तो पिंजरा गदागदा हलवतो, लोळवतो आणि खाऊ बाहेर सांडतो. त्यातून स्वस्त पिंजऱ्यांची कडी नुसत्या वजनाने पडून बसणारी असते. पिंजरा उलटला की कडी आपोआप सुटते आणि आतला प्राणी रुबाबात बाहेर पडतो. "झडप बंद होती, तो गेला कसा?" याचं उत्तर पुष्कळदा हेच.

जमीन असेल तर दोन-दोन फुटी सळया समोरासमोरच्या कोपऱ्यांतून ठोका आणि पिंजरा तारेने आवळा. लाकडी डेकवर असेल तर पट्ट्यांना तारेने बांधा. वर आडवी फळी आणि फळीवर दोन विटा. प्लॅस्टिकचे झिप-टाय नकोत, ते तो चावून तोडतो. पिंजरा भिंतीला किंवा कुंपणाला समांतर ठेवा. रकून उघड्यावरून जाण्यापेक्षा कडेकडेने जातो.

तपासणी ५: मागच्या बाजूला दुसरी जाळी

माझ्या अनुभवात उघडी झडप आणि गायब खाऊ यामागे सगळ्यात जास्त वेळा हाच दोष निघाला. पिंजऱ्याच्या मूळ जाळीची भोकं १ इंच बाय १ इंच किंवा १ बाय २ इंच असतात. १ बाय २ मधून रकूनचा हात कोपरापर्यंत जातो. १ बाय १ मधूनही बोटं जातात, आणि बोटांनी डबी उलटी करता येते. मी टॉर्च लावून प्रत्यक्ष बघितलंय. बाईसाहेब पिंजऱ्याच्या मागे आरामात बसल्या होत्या, तोंड दुसरीकडे, जणू काही आपला संबंधच नाही, आणि एक हात जाळीतून आत. मार्शमेलो दोन बोटांत धरून, दाबून, लांबट करून भोकातून बाहेर काढला. झडपेकडे ढुंकूनही बघितलं नाही.

उपाय म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी अर्धा इंच भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी. पिंजऱ्याचा मागचा तिसरा हिस्सा दोन्ही बाजूंनी, मागून, वरून आणि तळातूनही गुंडाळा. तळ विसरू नका. पिंजरा मातीवर असेल तर तो खालून उकरून हात घालतो. कापलेल्या तारांची टोकं बाहेर वळवा, आत नाही, नाहीतर धरलेल्या प्राण्याचे पंजे फाटतील. बांधायला मऊ लोखंडी तार घ्या आणि वीतभर अंतरावर पीळ द्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण कातडी हातमोजे घाला.

तपासणी ६: पत्रा, दांडी आणि आकडा

आता यंत्राकडे. पिंजरा लावा आणि काठीच्या टोकाने पत्रा दाबून बघा. बोट घालू नका. झडप दर वेळी तितक्याच दाबाला पडायला हवी. एकदा पडते, एकदा अडकते, तर आकड्यावर गंज आहे किंवा दांडी वाकलीये. गंज बारीक सँडपेपरने काढा आणि सांध्यांवर मेणबत्ती घासा. स्वयंपाकाचं तेल लावू नका. ते चिकट होतं, धूळ धरतं, आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते.

दाब किती असावा याला मी घरातलं माप वापरतो. पत्र्यावर अर्धा किलोची साखरेची पिशवी अलगद ठेवली तर झडप पडता कामा नये. दोन पाउंडाची तूरडाळीची पिशवी ठेवली तर पडलीच पाहिजे. इथल्या करड्या खारीचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं. ट्रिगर त्याहून हलका ठेवलात तर खारी आणि वाराच धराल. फार जड ठेवलात तर रकून एकाच पायाने पत्रा चाचपून पुढे वाकेल आणि खाऊन जाईल. आकड्याचं तोंड दांडीवर किती खोल बसतं, त्यावर हे ठरतं. पक्कडीने केसभर वाकवायचं, परत डाळ ठेवून बघायची, परत केसभर. धीर हवा.

झडप पडल्यावर कडी बसते का, तेही बघा. झडप बंद करून खालच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घाला आणि उचला. बोटभर जरी वर आली, तरी आतल्या हातांना तेवढं पुरेसं आहे. झडपेचा पत्रा वाकला असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सरळ करा. थंडीत आणखी एक भानगड: दिवसा बर्फ वितळून खोबणीत पाणी जातं, रात्री गोठतं, आणि झडप अर्ध्यावर थांबते. खरं तर कडाक्याच्या थंडीत पिंजरा लावूच नये. उघड्या तारांवर रात्र काढणं प्राण्याला झेपत नाही, आणि तेव्हा रकूनही बहुतेक बिळातच असतो.

तपासणी ७: संशयी पाहुण्यासाठी तीन रात्री

वरचं सगळं ठीक आहे, तरी खाऊला हात लागलेला नाही? मग झडप तारेने वर बांधून टाका, पडणारच नाही अशी, आणि तीन रात्री नुसता खाऊ ठेवत जा. पहिल्या रात्री तोंडाशी, दुसऱ्या रात्री मध्ये, तिसऱ्या रात्री डबीत. तिन्ही रात्री फस्त झाला की चौथ्या संध्याकाळी तार सोडा. पैसे लागत नाहीत, पण आठवडा जातो, म्हणून ही तपासणी इतकी खाली.

एक नियम कधीही मोडू नका. पिंजरा संध्याकाळी लावायचा आणि उजाडताच बघायचा. दिवसा झडप तारेने बंद ठेवायची. उन्हात पिंजऱ्यातला प्राणी काही तासांत मरू शकतो.

तपासणी ८: पिंजराच चुकीचा

झडपेच्या कडेला केस सापडले, कडी ठीक आहे, पिंजरा बांधलेला आहे, तरी आत कोणी नाही. मग टेप काढा आणि लांबी मोजा. खारीसाठी किंवा सशासाठीचा पिंजरा २४ इंचांच्या आसपास असतो. त्यात रकूनचे पुढचे पाय पत्र्यावर पडतात तेव्हा ढुंगण अजून दारात असतं. झडप पाठीवर पडते, तो दचकून मागे सरकतो आणि झडपेसकट बाहेर येतो. असा एकदा निसटलेला रकून महिनोन्महिने पिंजऱ्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

हॅवाहार्ट, टॉमाहॉक यांसारख्या कंपन्यांच्या रकूनसाठीच्या पिंजऱ्याचं नेहमीचं माप ३२ इंच लांब, १० इंच रुंद, १२ इंच उंच. याहून लहान घेऊ नका. विकत घेताना दुकानातच चार गोष्टी बघा. जाळी १ बाय १ ची हवी. उचलायच्या मुठीखाली पत्र्याची ढाल हवी, नाहीतर नेताना बोटं त्याच्या हाती. कडी नुसत्या वजनावर नको, स्प्रिंगवर असावी. आणि तारांचे सांधे वेल्ड केलेले असावेत.

एक झडप की दोन? दोन झडपांचा पिंजरा आरपार दिसतो, म्हणून संशयी प्राणी लवकर आत येतो असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. कुंपणाच्या फटीत बोळासारखा लावायला तो उत्तम. पण त्यात पत्रा मधोमध असतो, म्हणजे प्रत्येक बाजूला निम्मीच लांबी मिळते, आणि दोन झडपा एकाच दांडीवर असल्याने बिघाडही दुप्पट. मी एकाच झडपेचा वापरतो. त्याला मागून सरकवायचं दार असेल तर सोन्याहून पिवळं, कारण खाऊ ठेवताना लावलेल्या झडपेखालून हात घालावा लागत नाही.

शेतीच्या सामानाच्या दुकानांत नळीच्या आकाराचा "डॉग-प्रूफ" सापळाही दिसेल. नळीच्या तळाशी खाऊ असतो. रकून मुठीने तो धरून ओढतो, आणि हात आत अडकतो. कुत्र्याला तसं धरून ओढता येत नाही, म्हणून ते नाव. सापळ्याची कल्पना हातांवरच बेतलेली आहे, हे मान्य. पण तो परवानाधारक ट्रॅपरांसाठी आहे. मांजरं आणि मुलं असलेल्या परसात त्याचं काही काम नाही.

धरला गेला, आता?

जवळ जायच्या आधी जुनी चादर समोर धरून चालत जा आणि पिंजऱ्यावर टाका. अंधार झाला की तो बराच शांत होतो. कातडी हातमोजे घाला, मूठ ढालीवरून धरा. सोडताना झडपेचं तोंड झाडीकडे ठेवा आणि आपण मागे उभे राहा. कडी काढून दोरीने झडप वर ओढा. तो बाहेर यायला वेळ लावेल. काठीने ढोसू नका.

पिंजरा परत द्यायच्या आधी उकळतं पाणी ओतून धुवा. ब्लीच नव्हे, उकळतं पाणी. रकूनच्या विष्ठेत एका गोलकृमीची अंडी असू शकतात. ती ब्लीचने मरत नाहीत, आणि माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. पोटमाळ्यावर किंवा डेकखाली त्यांची ठरलेली शौचाची जागा सापडली तर मास्क आणि हातमोज्यांशिवाय झाडू लावू नका. सुकी विष्ठा झाडण्याआधी ओली करा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

चावला किंवा ओरखडला: पिंजरा तसाच राहू द्या. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, लगेच डॉक्टरांकडे जा आणि पब्लिक हेल्थला (सरकारी आरोग्य खात्याला) कळवा. ऑन्टारियोत २००५ नंतर बरीच वर्षं रकूनमधला रेबीज नव्हता, पण डिसेंबर २०१५ मध्ये हॅमिल्टनला परत सापडला. "जरासंच लागलंय" म्हणून घरी बसू नका.

प्राणी झोकांड्या खातोय, डोळ्यांतून पू येतोय, माणसाला बघून हलत नाही: तो रेबीज असेल नाहीतर डिस्टेंपर (प्राण्यांना होणारा एक विषाणूजन्य आजार). दिवसा दिसला एवढ्यावरून आजारी ठरत नाही, पण ही लक्षणं असतील तर पिंजऱ्याच्या भानगडीत पडू नका. टोरांटोत ३११ ला, म्हणजे शहराच्या मदत क्रमांकाला, फोन करा.

आत स्कंक सापडला: सोडता येतो, पण पहिल्यांदाच करणार असाल तर करू नका. त्या वासाची किंमत माणूस बोलवण्याच्या फीपेक्षा जास्त असते.

छपरातून किंवा भिंतीतून चिवचिवाट येतोय: पिल्लं आहेत. हे काम पिंजऱ्याचं नाही आणि तुमचंही नाही. शिडी, छप्पर आणि आतली आई, तिन्ही एकदम अंगावर येतात. इथले चांगले तंत्रज्ञ अशा वेळी सापळा लावतच नाहीत. भोकाला फक्त बाहेर उघडणारं दार बसवतात, पिल्लं हाताने काढून छपरावरच उबदार डब्यात ठेवतात आणि आईला तिचं काम करू देतात.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या समोरच्या घरी हाच प्रकार झाला. त्यांनी पिंजरा मागितला, मी दिला नाही, थोडी नाराजीही झाली. तंत्रज्ञाने दुपारी डबा ठेवला. रात्री दहाच्या सुमाराला आम्ही दोन्ही घरची माणसं अंगणातले दिवे मालवून खिडकीत उभी. ती छपराच्या कडेने आली, डब्यात हात घालून चाचपलं, एकाला मानेला धरून बाहेर काढलं आणि मेपलच्या झाडावरून खाली उतरून गेली. असे तिने चार वेळा फेरे मारले. पाचव्यांदा परत आली, रिकाम्या डब्यात दोन्ही हात घालून कोपरे तपासले, आणि मग गेली ती आली नाही.